जास्तीचा वेढा

"तू सांग तिका, बाये," दत्ताराम म्हणाला. "माझा ती ऐकणा नाय. मास्तरीणबायच्या चेडवाचा ऐकतली."

आम्ही त्याच्या पडवीत उभे होतो. आषाढाचे दिवस. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्या होत्या आणि घरोघरी जाळ्यांची कामं चालली होती. आईला जाऊन दोन महिने झाले होते. वेंगुर्ल्याचं बिऱ्हाड आवरायला मी आले, हे कळल्यावर दत्तारामनं निरोप धाडून मला वाडीवर बोलावलं होतं.

काम त्याच्या बहिणीचं, गोदूचं होतं. लहानपणी देवी येऊन गोदूचे डोळे गेले होते. गेली बारा वर्षं ती जाळी विणत होती आणि घरात चार पैसे आणत होती. आता बाजारातल्या हरिश्चंद्र शेटनी नायलॉनचा दोरा आणला होता. गोदूला ते कायमचं काम द्यायला तयार होते, पण एका अटीवर. गोदू प्रत्येक गाठीला एक वेढा जास्तीचा घ्यायची. सुताच्या जाळ्यात तो खपून जायचा, नायलॉनमध्ये मात्र गाठीचा गोळा व्हायचा. वेढा सोडला तर काम तिचं, नाही तर दुसऱ्याला. गोदूनं साफ सांगितलं होतं, मास्तरीणबायनं शिकवलं तसंच मी विणणार. ज्याला नको त्यानं घेऊ नये.

मास्तरीणबाय म्हणजे माझी आई, यमुनाबाई. बाबांच्या मागं, चोपन्न साली, तिला मुंबईच्या एका संस्थेनं नोकरी दिली होती. आंधळ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना काम शिकवायचं. कुणाला काथ्या वळायला, कुणाला खुर्चीचा वेत भरायला, समुद्राकडेच्या वाड्यांत जाळी विणायला. पायी आणि तरीतून ती हिंडायची. सुट्टीत मी बरोबर असायची.

गोदूच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती चुलीमागं बसली होती. घरच्यांनी तिला काही कमी केलं नव्हतं. फक्त काही करू दिलं नव्हतं. तिच्या दोन घासांचा आम्हाला भार नाही, असं तिची म्हातारी आई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. माझ्या आईनं घरातली जाळं विणायची लाकडी सुई मागून घेतली, गोदूला लागून बसली आणि म्हणाली, "तुझे हात माझ्या हातार ठेव."

ही तिची रीत होती. शिकणाऱ्याचा हात धरून ती कधी फिरवत नसे. तिचे हात खाली, त्याचे वर. ती काम करत राही आणि वरचे हात तिच्या हातांबरोबर जात येत राहत. गाठ ओढायची वेळ आली की अंगठा एकदा हलकेच ठोके, म्हणजे आता ओढायचं. "धरलेलो हात भियता," ती म्हणायची, "ठेवलेलो हात शिकता."

माझी पाळी मात्र कधी आली नाही. मी जवळ सरकले की ती म्हणायची, "तुका डोळे आसत. समोर बस आणि बघ." मी समोर बसून बघत असे. गाठी मलाही येत गेल्या. घरी आल्यावर ती हातांना खोबरेल लावायची आणि ते मांडीवर उताणे ठेवून भिंतीला टेकायची. दिवसभर माणसांचा भार वाहिलेले ते हात. मी लांबूनच बोलत असे. शेवटच्या दुखण्यात मी ते हातात घेऊन बसले, पण तोवर ते सुजले होते. त्यांत ती नव्हती.

गोदू माजघराच्या दाराशी बसली होती. खांबाला अडकवलेलं जाळं तिच्या गुडघ्यावर उतरलं होतं. माझी चाहूल लागताच म्हणाली, "इलो काय हरिश्चंद्र शेटीचो वकील?"

मी हसले. तिनं घराचं विचारलं, आईची भांडी कुणाला दिली ते विचारलं. मी समोर बसून तिचं विणणं बघू लागले. वेढा कुठं पडतो ते मला दिसेना.

"बघून काय गावतला?" ती म्हणाली. "हात ठेव."

मी तिच्या मागं बसले आणि माझे हात तिच्या हातांवर ठेवले.

सुई खालून वर आली. दोरा फिरला. अंगठा एकदा हलकेच ठोकला. आईचाच ठोका. मग तिची उजवी करंगळी वर उठली आणि ताठ राहिली, लाकडासारखी. जाळं विणताना दोऱ्याचा फास करंगळीत धरून ठेवावा लागतो. हिचा सुटला, आणि तो सावरायला तिनं दोऱ्याचा एक वेढा जास्त घेतला.

ती करंगळी मी ओळखत होते. पहिल्याच वर्षी तरीच्या फळीखाली सापडून आईची करंगळी कायमची ताठ झाली होती. फास सुटायचा, म्हणून ती वेढा घ्यायची. तिला स्वतःला ते कळलंही नसेल. गोदूची करंगळी धडधाकट होती, आणि तरी बारा वर्षं ती ताठ उभी राहत होती.

गोदू विणत गेली आणि मी माझे हात तसेच ठेवले. ओळ संपली, दुसरी सुरू झाली. दारात दत्ताराम येऊन आमच्याकडे बघून गेला. त्याला उत्तर हवं होतं.

"गोदू," मी म्हणाले, "ह्यो वेढो जाळ्याचो न्हय. माझ्या आवशीचा बोट वळायचा नाय. म्हणान ती घेयची."

तिचे हात थांबले. बाहेर पागोळ्यांचं पाणी पडत होतं.

"दुखायचा काय गो तिचा?"

"थंडीत दुखायचा."

"माका कधी बोलाक नाय."

"कोणाकच नाय."

तिनं डाव्या हातानं आपली उजवी करंगळी धरली, सरळ केली, मग हळूहळू आत वळवली. एखाद्या झोपलेल्या पोराचा हात अंगावरून काढावा तशी. सुई उचलली. फास करंगळीत धरला गेला. गाठ बसली, लहान आणि चपटी.

"बरी?"

"बरी."

दुसरी बसली, तिसरी बसली. माझ्या हातांखाली आता एक निराळीच बाई विणत होती, सावध, पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी. मी हात काढून घ्यायला हवे होते.

ओळीच्या टोकाशी करंगळी आपोआप वर उठली. वेढा पडला. गोदू तिथंच थांबली.

"चुकला. सोडवू?"

"ही एक गाठ अशीच रवांदे," मी म्हणाले.

तिनं अंगठा एकदा ठोकला आणि गाठ घट्ट ओढली.