चित्रातला मनोरा

भेगेवर आडवी बसवलेली काचेची पट्टी मधोमध तडकली होती. तडा केसाएवढा. मनोऱ्याची भिंत हलली तर काच आधी फुटावी, म्हणूनच बाबांनी ती चुन्यात बसवली होती. आज ती पाहून ते म्हणाले, "थंडीनं फुटली असेल," आणि खिशातून दुसरी पट्टी काढली.

ती खिशात तयारच होती, हे माझ्या लक्षात आलं.

माझ्या वडिलांनी, अँब्रोज हल्स यांनी, जिल्ह्यात शाळा बांधल्या, धान्यबाजार बांधला. चर्चचा मनोरा मात्र हा एकच. आमच्या गावाखाली मीठ आहे. कारखाने मिठासाठी खारं पाणी उपसतात, खाली पोकळी होते आणि वर जमीन खचते. उपसा कुणी थांबवत नाही, सगळ्यांच्या चुली त्यावरच पेटतात. खाटकाचं दुकान गुडघाभर खाली गेलं, तरी तो पायरी लावून मांस विकतोच.

संध्याकाळी सेथ डटन आमच्या घरी आला. घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या.

"हल्ससाहेब, ईस्टरला आठही घंटा वाजवायच्या ना? गेल्या रविवारी मनोरा असा डुलला, की म्हातारा एनॉक म्हणाला, आज न पिताच चढली!"

"मनोरे डुलतातच, सेथ."

"तेच म्हणतो मी. तुम्ही बांधलाय. तुम्ही हो म्हणालात की पोरं बिनघोर चढतील."

बाबा चहा ढवळत राहिले. मी मनोऱ्याचं माप घेतलं होतं, गणितही केलं होतं. त्यातून तो किती कललाय एवढंच कळत होतं, अजून कलतोय का ते नाही.

मी भिंतीवरची त्यांची जलरंगातली चित्रं उतरवून टेबलावर ओळीनं मांडली. दर वसंतात याच खिडकीतून काढलेला तोच मनोरा. प्रत्येक चित्रात खिडकीची चौकट सरळ उभी. चौकट आणि मनोरा यांच्यामधली आकाशाची पट्टी मात्र वरच्या टोकाला वर्षागणिक अरुंद होत गेलेली.

"हे तुम्हीच काढलंय, बाबा."

"दिसलं तसं काढलं, हेस्टर."

बाबांनी एकेका चित्रातल्या त्या पट्टीवरून बोट फिरवलं. सेथही वाकून पाहू लागला. त्याचा चेहरा उतरला.

"टेकू देऊ या ना, साहेब? लाकडं आम्ही आणतो."

"टेकू कशावर उभा करशील?"

सेथनं खाली जमिनीकडे पाहिलं.

"पोरांना वर पाठवू नकोस," बाबा म्हणाले. "घंटा उतरवून घ्या. मग मनोरा पाडायचा. वरून, एकेक दगड."