थोरलीचं टेबल

लाँड्रीत इस्त्रीची दोन टेबलं होती. एक थोरल्या जावेचं, दुसरं धाकटीचं. थोरली पाचव्या बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. तिच्या टेबलावर आता नुसते कपड्यांचे गठ्ठे पडलेले असत. तरीही भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, धाकटीला पाठीमागून पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग इस्त्री टेकल्याचा धप्प आवाज. वळून पाहावं तर वरच्या चादरीवर ओले ठिपके.

तिला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटायची. जाण्याच्या वर्षभर आधी थोरली म्हणाली होती, "चल ना गं माझ्यासोबत दवाखान्यात. ऑपरेशन करून टाकते. चार पुरे झाली." तेव्हा सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, आणि धाकटीने तोंडातून ब्र काढला नाही.

आता थोरलीची चार आणि स्वतःची तीन, सातही लेकरं तिच्याच गळ्यात. तिने नवऱ्याजवळ स्वतःच्या ऑपरेशनचा विषय काढला.

"आईला विचार," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला.

पुढच्याच दुपारी पुन्हा पाणी शिंपडलं गेलं. धाकटीने हातातली इस्त्री उभी केली आणि तरातरा मागच्या खोलीत गेली. सासूबाई कपड्यांना खुणेच्या चिंध्या बांधत बसल्या होत्या.

"मी ऑपरेशन करून घेणार आहे. विचारायला नाही, सांगायला आलेय."

म्हातारीचे हात थांबले. आता घर डोक्यावर घेणार, असं धाकटीला वाटलं. पण म्हातारी दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आजपण आली होती ना ती?"

धाकटीने वळून दाराकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हालाही?"

"तेराव्या दिवसापासून. मला वाटलं, माझ्या एकटीच्याच मागे लागलीय."

नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला. सोमवारी सासू-सून दवाखान्यात गेल्या. नर्सने कागद पुढे ओढून विचारलं, "घरात सगळ्यांना विचारलंय ना?"

"तिने ठरवलंय," म्हातारी म्हणाली. "तुम्ही लिहा."

ऑपरेशननंतर संध्याकाळी धाकटीला जाग आली तेव्हा म्हातारी स्टुलावर बसून शेजारच्या रिकाम्या खाटेशी बोलत होती. "चुकलं माझं, पोरी. तुला जाऊ द्यायला हवं होतं."

धाकटीने डोळे पुन्हा मिटून घेतले. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं.