पाखरांच्या न्हाणीचा बंब

मी बंब बोलतोय. तांब्याचा, गोल पोटाचा, मधून धुराडं वर गेलेलं, खाली जाळी आणि पुढे पितळी तोटी असलेला बंब. आजकालच्या मुलांना माझं नाव सांगितलं की ती आग विझवणाऱ्या लाल गाडीबद्दल विचारतात. ती माझी चुलत बहीण समजा हवं तर. ती आग विझवत हिंडते, मी पोटात घेऊन एका जागी बसतो.

माझी जागा समुद्राकाठी आहे. निसर्ग उद्यानाच्या अगदी टोकाला, वाळू संपून झाडी सुरू होते तिथे, लाकडी खोल्यांचं एक विश्रामगृह आहे. इथे विजेची तार आलेली नाही आणि फोनला रेंज हवी असेल तर टेकडी चढावी लागते. त्या विश्रामगृहाच्या परसात, न्हाणीच्या भिंतीला टेकून मी उभा असतो.

माझा जन्म मात्र शहरातला. एका तांबटानं मला सपाट पत्र्यातून ठोकून ठोकून गोल केलं. माझ्या अंगावर त्याच्या हातोडीचे चट्टे अजून आहेत. इतरांना ते व्रण वाटतात, मी ते दागिन्यांसारखे मिरवतो. आतून कल्हई लावून झाल्यावर त्यानं मला पाण्यानं भरलं, खाली बसून प्रत्येक सांधा बोटानं चाचपला आणि एक थेंबही गळत नाही हे पाहून स्वतःवरच खूश होऊन विडी पेटवली. इतक्या खात्रीनं बनवलेला मी, मला कधी स्वतःबद्दल शंका आली नाही, यात नवल ते काय?

पहिली नोकरी बंदराजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानात झाली. दाढी झाली की खलाशी मागच्या न्हाणीत शिरायचे. कितीही बडबड्या असो, समुद्रावर दिवसेंदिवस काढून आलेला माणूस पहिला गरम तांब्या अंगावर ओतून घेतो तेव्हा एकदम गप्प होतो. मग जरा वेळानं गुणगुणायला लागतो. भिंतीपलीकडून ते ऐकणं ही माझी कमाई होती. पुढे त्या दुकानात गॅसचा गिझर आला आणि मी भंगारवाल्याच्या अंगणात जाऊन पडलो.

तिथून मला एका नवरा-बायकोनं उचललं. दोघं नवीनच विश्रामगृह काढत होती. मालक हौशी माणूस. त्यांनी मला स्वतःच्या होडीत घातलं, दोरखंडानं बांधलं आणि खाडीतून वल्हवत इथे आणलं. काठावरून बायको ओरडून सांगत होती, "बंब बुडाला तर बुडू दे, तुम्ही आधी काठाला या." त्यांनी मला आणि स्वतःला, दोघांनाही सुखरूप आणलं.

त्या बाईंना आता सगळे वहिनीच म्हणतात. मालकांचा धाकटा भाऊ त्यांना वहिनी म्हणायचा, ते ऐकून कामाची माणसं म्हणू लागली, मग पाहुणेही. त्या दिराला वहिनी भाऊजी म्हणत, म्हणून तो सगळ्यांचा भाऊजी झाला. भाऊजी उद्यानात वनरक्षक. कामावरून सुटले की इथेच जेवायचे आणि जाता जाता माझ्यासाठी लाकडं फोडून ठेवायचे.

पाहुण्यांच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या. निसर्गात राहायचं म्हणून हौसेनं येतात आणि आल्या आल्या विजेचं बटण शोधतात. पहिल्या दिवशी पाणी तापायला लागणारा वेळ त्यांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा शेकायला येऊन माझ्याशेजारी बसतो, काटकी आत सारतो. तिसऱ्या दिवशी तो इतरांना शिकवायला लागतो की बंब पेटवायची खरी पद्धत कोणती. मी ऐकून घेतो.

मग एके दिवशी मालक छातीत कळ येऊन अचानक गेले. त्यांची होडी परसातच, माझ्यासमोर पालथी पडून राहिली. वहिनींनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र पदर खोचून कामाला लागल्या. विश्रामगृह एक दिवसही बंद राहिलं नाही.

बंद पडायची पाळी आली ती माझ्यावर. उद्यानाच्या कार्यालयानं नियम काढला की हद्दीत कुणीही लाकूड जाळायचं नाही. माणसं किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके उचलून नेत आणि त्या ओंडक्यांच्या आडोशाला घातलेली पाखरांची अंडी उघडी पडत. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हे मीसुद्धा मान्य करतो. आणि तो सांगायला आले कोण, तर भाऊजी. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण ते स्वतः आले. छपरावर उन्हानं पाणी तापवणारी टाकी बसवून मिळेल, हेही सांगितलं.

वहिनींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही साहेब म्हणून आलात की दीर म्हणून?"

"दोघं एकच आहेत, वहिनी," भाऊजी म्हणाले.

त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. नंतरही मिळाला नाही. वहिनींनी नियम काटेकोर पाळला, पण दिराशी बोलणं सोडलं. भाऊजी गस्तीवर जाताना कुंपणापाशी जरा थांबायचे, पाहुण्यांची चौकशी केल्यासारखी करायचे आणि निघून जायचे. छपरावर टाकी बसली आणि मी कोपऱ्यात हिरवा पडत गेलो. एका कोंबडीनं माझ्या राखेच्या कप्प्यात संसार थाटला. तिच्याशी माझं वाकडं नव्हतं. कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

असं बरंच चाललं. मग ढगाळ दिवस आले आणि त्याच दिवसांत एक पाहुणे आपल्या पत्नीसह उतरले. मी त्यांचं नाव तक्रारसाहेब ठेवलं. उशी मऊ, खाट कडक, समुद्राचा आवाज फार, वाऱ्याचा कमी. एका सकाळी ते टॉवेल गुंडाळून परसात उभे होते आणि ऊन नाही म्हणून पाणी गार आहे, हे वहिनींना पटवून देत होते. तेवढ्यात भाऊजी कुंपण ओलांडून आले. अंगात नुसता बनियन. गणवेशाच्या शर्टाची त्यांनी झोळी केली होती आणि झोळीत काहीतरी काळं वळवळत होतं.

दूर समुद्रात एक जहाज खडकाला लागून फुटलं होतं. त्यातलं तेल रात्रीतून किनाऱ्याला आलं होतं. झोळीत समुद्रावरचे कुरव पक्षी होते, एक पाणकावळा होता. कोण कोणता ते ओळखू येत नव्हतं, इतके ते तेलानं माखले होते. पिसं तेलकट झाली की पाखराची ऊब जाते आणि ते गारठून मरतं. भाऊजींनी कार्यालयातून पशुवैद्य बाईंना बिनतारी संदेश पाठवला होता. त्या निघाल्या होत्या. शहरापर्यंत नेलं तर पाखरं वाटेतच मरतील, इथेच सोय करा, गरम पाणी लागेल आणि भरपूर लागेल, असा त्यांचा निरोप होता.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बंब पेटवा."

कितीतरी दिवसांनी वहिनींनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "आणि नियम?"

"तो मोडल्याचा जाब मी देईन."

वहिनींनी कोंबडीला उठवलं, राख उपसली, विहिरीवरून बादल्या आणून मला काठोकाठ भरलं आणि जाळीवर वाळलेला पेंढा आणि जुन्या साठ्यातली लाकडं ठेवून काडी ओढली. घरी बसवलेल्या कामगाराला पुन्हा बोलावणं यावं तसं मला झालं. धुराड्यात कोळिष्टकं होती, थोडा खोकलो. मग असा धडधडलो की न्हाणीची भिंत तापली.

पशुवैद्य बाई दुपारी आल्या, साबणाचे डबे आणि खोकी घेऊन. त्यांनी सांगितलं, लगेच धुवायचं नाही. दमलेलं पाखरू धुताना दगावतं. आधी ऊब, नळीनं थोडं पाणी, विश्रांती, मग अंघोळ. म्हणून खोकी माझ्याभोवती गोल मांडली. काही पाहुणे सामान बांधून गेले. सुट्टीला आलेल्या माणसांना त्यात दोष काय द्यायचा? पण तक्रारसाहेबांच्या पत्नीनं बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, हातमोजे चढवले आणि त्या टबापाशी बसल्या. साहेब मागे उभे राहून म्हणाले, "हे पाणी फार कडक आहे. पाखराला चटका बसेल."

पशुवैद्य बाईंनी पाण्यात हात घातला. खरंच कडक होतं. त्यांनी गार पाणी ओतलं. साहेब म्हणाले, आता कोमट झालं. तेही खरं होतं. बाईंनी त्यांच्या हातात तापमापक दिला आणि सांगितलं, पाण्याचं तुम्हीच बघा. तेव्हापासून ते माझ्या तोटीशी बसले. एकही टब त्यांच्या कुरबुरीशिवाय पुढे गेला नाही आणि एकाही पाखराला चटका बसला नाही.

साबणाच्या पाण्याचा टब काळा झाला की ओतायचा, दुसरा घ्यायचा, मग स्वच्छ पाण्यानं खळाळून धुवायचं. पिसांवरून पाणी मण्यांसारखं घरंगळायला लागलं की ते पाखरू धुऊन झालं. एकेकाला किती टब लागतात! भाऊजी किनाऱ्यावरून पाखरं आणत, वहिनी पाणी भरत आणि जाळ घालत. दोघांत बोलणं कामापुरतंच होतं, पण होत होतं.

सगळी पाखरं काही जगली नाहीत. एक लहानसा कुरव साहेबांनी धुवायला स्वतः हातात घेतला होता. अर्ध्यावर त्याची मान पडली. साहेब तसेच बसून राहिले. तेवढा वेळ त्यांनी कसलीच तक्रार केली नाही.

"हा गेला," ते शेवटी म्हणाले.

पत्नीनं तो त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि पुढचं खोकं त्यांच्यासमोर सरकवलं. "हा आहे अजून," त्या म्हणाल्या. साहेबांनी बाह्या पुन्हा वर केल्या.

मग लाकूड संपलं. किनाऱ्यावरचे ओंडके तेलानं चिकट झाले होते, ते जाळले तर धुरानंच पाखरं मेली असती. जंगलातलं लाकूड ओलं. गावाकडून लाकडाची गाडी यायला वेळ होता आणि खोक्यांमध्ये अजून पाखरं थरथरत होती. वहिनींनी परसभर नजर फिरवली. ती होडीवर थांबली.

जुनं, खणखणीत वाळलेलं लाकूड. रंग केव्हाच उडालेला. वहिनी आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आल्या आणि भाऊजींपुढे धरली. भाऊजींनी हात मागे घेतला.

"वहिनी, ही दादाची होडी आहे."

"होडी ह्यांची आणि बंबही ह्यांचाच," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही जपून ठेवायला आपण काय संग्रहालय काढलंय?"

तरी भाऊजींचा हात पुढे येईना. मग वहिनींनीच पहिला घाव घातला. तो नीट बसला नाही, फळीवरून घसरला. दुसराही घसरला. त्यांचा श्वास चढला आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिसऱ्यासाठी त्यांनी हात उचलला. तेव्हा भाऊजींनी कुऱ्हाड हातातून काढून घेतली आणि ते होडी फोडायला लागले. वहिनी ढलप्या गोळा करून माझ्याकडे आणू लागल्या.

ज्या होडीनं मला इथे आणलं ती माझ्या पोटात जळत होती. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण तिच्या लाकडासारखा जाळ मी आयुष्यात पाहिला नाही. एकसारखा, बिनधुराचा. तिच्यासाठी मी जीव तोडून पाणी तापवलं. इतकं, की माझ्या तळाचा एक सांधा सुटला आणि पाणी ठिबकायला लागलं. वहिनींनी तिथे साबणाची वडी दाबून बसवली आणि माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढं होऊ दे." झालं. गाडीभर लाकूड येईपर्यंत मी विझलो नाही.

पाखरं सोडायचा दिवस आला तेव्हा सगळे किनाऱ्यावर गेले. मला काही तिथे जाता येत नाही. मी पंखांची फडफड ऐकली, मग खूप वेळ काहीच नाही. मग सगळे परत आले. अंगाला तेलाचा, माशांचा, साबणाचा वास. साहेबांनी तोटीखाली तांब्या धरला आणि विचारलं, आता माणसांना पाणी मिळेल का? त्या दिवशी एकामागून एक सगळ्यांनी अंघोळी केल्या. भिंतीपलीकडे आधी शांतता, मग गुणगुणणं. भाऊजींची अंघोळ उरकली तेव्हा ओट्यावर त्यांच्यासाठी चहा झाकून ठेवलेला होता.

भाऊजींना जाब द्यावा लागलाच. वरिष्ठांनी बोलावलं, प्रकरण नोकरीवर बेतलं होतं. पशुवैद्य बाई त्यांच्या बाजूनं बोलल्या. पण खरी मदत झाली तक्रारसाहेबांची. उद्यानानं अशा प्रसंगासाठी पाणी तापवायची काहीच तयारी कशी ठेवली नाही, याबद्दल त्यांनी कार्यालयात बसून अशी सणसणीत तक्रार केली की वरिष्ठच खुलासे देऊ लागले. नियम कायम राहिला, आणि तो राहायलाच हवा. फक्त पाऊलवाटा मोकळ्या करताना उद्यान स्वतः ज्या फांद्या तोडतं, त्या आता माझ्याकडे येतात. भाऊजी फोडून रचून ठेवतात. ऊन असलं की छपरावरची टाकी काम करते. ढग आले किंवा किनाऱ्यावर आजारी पाखरू सापडलं, की मी.

तळाच्या सुटलेल्या सांध्याला जोडाचा डाग लावून आणलाय. तो तांबटाच्या चट्ट्यांच्या रांगेत शोभून दिसतो. मागच्या महिन्यात एका श्रीमंत पाहुण्यानं मला दिवाणखान्यात ठेवायला मागितलं. चकचकीत घासून आत पामचं झाड लावणार होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "तो अजून नोकरीत आहे. निवृत्त झाला की कळवते."

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद काळवंडून बसला असेल. त्याच्यात झाड लावू नका. खाली उतरवा, धुराडं झाडा, तोटीला थोडं तेल द्या. अंगात ताकद असताना कोपऱ्यात बसणं आमच्या जातीला मानवत नाही. फक्त एक सांभाळा. पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नका. जाळ कितीही झाला तरी सोसतो आम्ही. रिकाम्या पोटी तेवढा सोसत नाही.