दुपट्याच्या वाट्याचं ऊन

मी एक जुनं दुपटं आहे. खरं तर आता दुपटं म्हणण्याजोगं काही उरलेलं नाही. कापून घड्या केल्या, त्यातली ही एक.

मित्रांनो, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीतून आईने मला शिवलं, तेव्हा चिंगी तिच्या पोटात होती. चिंगी आली आणि माझा थाट सुरू झाला. ती मला कितीदा भिजवायची! आई खळाखळा धुऊन मला गॅलरीच्या दोरीवर भर उन्हात पसरायची.

"आज पण पताका लागल्या वाटतं!" समोरच्या काकू ओरडायच्या.

"राणीसरकारांचा कारभार आहे, काकू!" आई हसायची.

कुणालाच माझी लाज नव्हती.

पुढे बरीच वर्षं कपाटाच्या तळाशी गेली. चिंगीला पाळी आली, तेव्हा आईने मला बाहेर काढून कापलं. "तुझंच दुपटं आहे गं. मऊ आहे, टोचणार नाही." मग तिचा आवाज खाली आला. "धुतलंस की न्हाणीघराच्या दारामागे खिळ्यावर टाकायचं. वरून टॉवेल. बाबांच्या, दादाच्या नजरेला पडता कामा नये."

आईलाही तिच्या आईने हेच शिकवलं होतं.

दारामागे ऊन नव्हतं, वारा नव्हता. टॉवेलखाली माझी ओल जायचीच नाही, आणि चिंगी मला तसंच ओलं घ्यायची. मला कुबट वास येऊ लागला, कडेला काळे ठिपके पडले. तिला खाज सुटली, कातडी सोलवटली, मग गळू झालं. ती पाय फाकून चालायला लागली.

"काय गं, बदकाची चाल?" दादा चिडवायचा. ती हसून दाखवायची आणि न्हाणीघरात येऊन तोंडावर हात दाबून रडायची.

अंग तापलं, तेव्हा बाबा काळजीने विचारत होते, "नक्की होतंय तरी काय हिला?"

"काही नाही, थंडी बाधलीय," आई म्हणाली. चिंगीनेही मान डोलावली.

एका सकाळी ती माझ्यासमोरच कोसळली.

दवाखान्यातून आई कपडे न्यायला घरी आली. तिने टॉवेल बाजूला केला आणि मला नाकाशी धरलं. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कपडा कुठे वाळवता," ती बाबांना म्हणाली. "दारामागे लपवायला मीच शिकवलं हो तिला."

तिने मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि गॅलरीत नेलं. समोर काकू उभ्या होत्या. तरी आईने मला दोरीवर पसरलं. बाबा बाहेर आले, माझ्याकडे बघत राहिले. दोरीवरचा त्यांचा शर्ट माझं ऊन अडवत होता. त्यांनी तो सरकवला.

मित्रांनो, पाळीचा कपडा साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, ओला कधी घेऊ नका. दुखलं, खाजलं, तर मोठ्यांना लगेच सांगा. आणि मोठ्यांनो, विचारा. रक्त काही चोरीचा माल नाही.

आता मी कोरडं ठणठणीत झालंय. चिंगी मात्र अजून घरी आलेली नाही.