न चाखता टाकलेलं तिखट

मी एक जुनी तिखटाची डबी आहे. स्टीलची, मुठीत मावेल एवढी, फिरकीच्या झाकणाची. आपली कहाणी सांगायला बसलेली भांडी बहुधा आपली थोरवी सांगतात. मित्रांनो, मला आज माझी लाज सांगायची आहे. जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. तिथे यंत्राच्या एकेका दणक्यासरशी एक डबी जन्माला येई, त्यामुळे मला सख्ख्या बहिणी किती, हे मलाच ठाऊक नाही. मला जिने विकत घेतलं तिची खानावळ होती. तीस माणसं दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवत आणि तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. दर वर्षी मिरच्या ती स्वतः निवडून वाळवायची, डोळ्यांदेखत कुटून घ्यायची आणि त्यातलं पहिलं तिखट माझ्यात भरायची. मग मी तिच्या पिशवीत जाऊन बसे. लग्न असो, दवाखाना असो, प्रवास असो, मावशी जेवायला बसली की मी बाहेर येई. "परक्या जेवणाचा काय भरवसा?" ती म्हणे. लोक आधी हसत आणि मग हळूच हात पुढे करत. "मावशी, चिमूटभर द्या की!" हे ऐकलं की मी ताठ होई. आधीच स्टीलची, त्यात ताठ!

मावशीची एकुलती एक लेक नोकरीसाठी परदेशी गेली होती. दोन वर्षांनी तिने आईला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतलं. मीही गेले, मोज्यात गुंडाळून. विमानतळावरच्या तपासनिसाने मला उघडलं, हुंगलं, तो तीनदा शिंकला आणि त्याने मला घाईघाईने बंद केलं. मी मनात म्हटलं, चला, परदेशाने पहिल्याच भेटीत हात टेकले.

लेकीला आईला पुतळे आणि संग्रहालयं दाखवायची नव्हती. "आई, इथली खरी चव रस्त्यावरच्या गाड्यांवर आहे," ती म्हणाली. पहिल्या दिवशी पानात गुंडाळून वाफवलेलं काहीतरी मिळालं, दुसऱ्या दिवशी निखाऱ्यावर भाजून वर आंबट पाणी शिंपडलेलं काहीतरी. एके ठिकाणी तर तव्यावर पिठाची पातळ जाळी ओतून तिची घडी घालून देत होते. मावशी प्रत्येक गाडीपाशी विचारी, "हे काय गं?" आणि लेकीने तोंड उघडायच्या आत मला उघडी. तीन थापा मारल्या की म्हणे, "हं, आता कसं खाण्यालायक झालं." खरं सांगते, त्या शहराची एकही चव तिला कळली नाही. सगळीकडे ती मलाच खात होती. मला याचं तेव्हा केवढं भूषण वाटायचं!

पाचव्या दिवशी लेक तिला एका बोळात घेऊन निघाली. तिथे धोब्याचं दुकान आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधल्या जागेत एका म्हाताऱ्या बाईची गाडी होती. लेक तिला आजी म्हणायची. आजी एकच पदार्थ करायच्या. पांढुरका पातळ रस्सा, त्यात हाताने लाटून कापलेल्या पिठाच्या पट्ट्या आणि वर थोडा हिरवा पाला. रस्सा पहाटेपासून मंद आचेवर असे.

"पहिल्या वर्षी मला ताप आला होता ना," लेक चालता चालता म्हणाली, "तेव्हा आठ दिवस आजी माझ्यासाठी हे घेऊन तीन जिने चढून यायच्या. माझी इथली आईच समज."

"ताप आला होता? मला नाही सांगितलंस ते?"

"तू काळजी केली असतीस. बरं ऐक, आज तेवढी ती डबी काढू नकोस हं. प्लीज."

"बरं," मावशी म्हणाली. पण पिशवीत तिने मला मुठीत गच्च आवळलं. तिचा हात गरम झाला होता.

वाटी समोर आली. आजी डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या, पाहुणीच्या तोंडाकडे बघत. मावशीने चमचा उचललाच नाही. तिने मला बाहेर काढलं. माझं झाकण तसं हटवादी, एरवी दोनदा हिसका दिल्याशिवाय फिरत नाही. त्या दिवशी मात्र एका झटक्यात उघडलं. मी अडून बसले असते तर? मित्रांनो, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. तीन थापांवर भागलं नाही. सात-आठ बसल्या आणि पांढुरका रस्सा लालभडक झाला.

आजींनी हात पुसले. ती वाटी उचलली आणि आपल्या चमच्याने एक घोट घेतला. त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. तरी त्यांनी पातेल्यातला रस्सा चाखून पाहिला, पुन्हा चाखला, आणि लेकीला हळू आवाजात काहीतरी विचारलं. लेकीने मान खाली घातली.

"काय म्हणतायत त्या?" मावशीने विचारलं.

"विचारतायत, आज कुठे चुकलं? म्हणतायत, तुझी आई स्वतः रांधणारी, म्हणून रोजच्यापेक्षा जपून केलं होतं."

मावशीचा चेहरा उतरला. खानावळीत एकाने असंच पान वाढल्याबरोबर, घास न घेता मीठ मागितलं होतं. तेव्हा हिनेच त्याच्यापुढचं ताट उचलून म्हटलं होतं, "आधी चाख, मग नावं ठेव!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आणि त्या पाषाणाच्या हातात मी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी दुसरी वाटी भरून दिली. मावशीने या वेळी मला पिशवीत टाकलं आणि एक घोट घेतला. मग थांबली. दुसरा घेतला. "कांदा भाजलाय, पण करपू दिला नाहीये," ती पुटपुटली. "एवढी आच मला नाही सांभाळता येत. सांग ना गं त्यांना."

"तूच सांग," लेक म्हणाली. "मी नाही सांगणार."

मावशीने हात जोडले. आजी हसल्या, पण कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघून हसावं तशा. घरी आल्यावर लेक चप्पल काढता काढता म्हणाली, "आजींनी माझ्यासाठी एवढं केलं, आई. त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. तू." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली. मावशी एकटी, दोनदा रस्ता चुकत, त्या बोळात पोचली. आजींनी तिला ओळखलं. स्टूल पुसून दिलं, वाटी ठेवली, आणि वाटीशेजारी एक छोटी बशी ठेवली. बशीत तिखट होतं.

माझ्यातल्यासारखं बारीक नाही, जाडंभरडं. त्या गाडीवर आदल्या दिवसापर्यंत तिखटाचा कणही नव्हता. म्हणजे आजींनी ते कुठून तरी शोधून आणलं होतं, आपला रस्सा जिने बिघडवला तिच्यासाठी. मला झाकणाच्या आत तोंड लपवायलाही जागा उरली नाही.

मावशी बशीकडे बघत राहिली. घ्यावं तर रश्श्याचा अपमान, न घ्यावं तर त्या बशीचा. शेवटी तिने आधी अर्धी वाटी तशीच खाल्ली, सावकाश, एकेक पट्टी चाखत. मग बशीतलं चिमूटभर तिखट बोटावर घेऊन जिभेवर ठेवलं आणि रडायला लागली. आजींना वाटलं तिखट लागलं. त्या धावत पाणी घेऊन आल्या.

आम्ही परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. लेक फोनवर हसून बोलते, पण "माझी आई आली आहे, चला भेटवते" असं त्या प्रसंगानंतर उरलेल्या दहा दिवसांत तिने तिथे कोणालाही म्हटलं नव्हतं. मावशीला ते कळतं आणि मलाही.

मित्रांनो, मला प्रवासाला जरूर न्या, घासूनपुसून ठेवा, सर्दीच्या दिवसांत आठवण काढा. पण कोणी पहाटे उठून काही रांधून तुमच्यापुढे ठेवलं, तर पहिला घास पोटात जाईपर्यंत मला हात लावू नका. तशी बशी तुमच्यापुढे कोणाला ठेवावी लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.