बाब्याने निवडलेला लॅपटॉप

ताईच्या घराण्यात एक नियम होता. तो कुणी केलेला नव्हता, पण पाळत सगळेच होते. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी बाब्याला विचारायचं. पंखा असो, इस्त्री असो, नाहीतर काकांचं दाढीचं मशीन. बाब्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, शहरातल्या मोठ्या दुकानात विक्रेता. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र आणि तोंडात साखर. त्याने मान हलवली की वस्तू घरात यायची, नाक मुरडलं की जन्मात यायची नाही. ताईने त्याला सायकल शिकवली होती, त्याची गणितं सोडवली होती, पहिल्या मुलाखतीला जाताना त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली होती. तो शहाणा झाला याचं सगळ्यात जास्त कौतुक तिलाच.

ताई स्वतः काही कमी नव्हती. फर्निचरच्या कारखान्यात ती स्वयंपाकघरांचे नकाशे काढायची. पट्टी, टोकदार पेन्सिल आणि कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल, हे तिचं राज्य. सुतार म्हणायचे, ताईंच्या कागदावर जे आहे ते भिंतीत बरोब्बर बसतं, रंधा मारायची वेळ येत नाही. त्याचं कारण साधं होतं. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर ती रेघ ओढत नसे. गिऱ्हाइकाने फोनवर माप सांगू दे, खुद्द मालकांनी आणू दे, ही टेप घेऊन त्या घरी जायचीच जायची. "माणसं खोटं बोलतात असं नाही," ती म्हणायची, "पण प्रत्येकाची टेप थोडी ढिली असते."

एक दिवस मालकांनी तिला बोलावून घेतलं. मालक तसे वाईट नव्हते, पण वाईट बातमी सांगताना पेपरवेट फिरवत बसायची त्यांना खोड होती.

"ताई, लोकांना आता कागद नको. पडद्यावर स्वयंपाकघर गोल फिरताना बघायचंय. दार उघडलं की आत कप्पे दिसले पाहिजेत म्हणतात. मला इथे मशीन घेणं परवडत नाही. तुम्ही तुमचं आणलंत तर टेबल तुमचंच. नाहीतर एक मुलगी आहे, स्वतःच्या मशीनसकट यायला तयार आहे."

ताईने रडारड केली नाही. संध्याकाळच्या शिकवणीला नाव घातलं. वर्गात ती सगळ्यांची मावशी शोभेल अशी होती आणि पहिले काही दिवस माऊस तिच्या हातातून पळायचा, पण रेघेची समज उपजतच असल्यामुळे लवकरच ती पोराटोरांना मागे टाकून पुढे गेली. सरावासाठी तिने बाब्याच्या नव्या घरातलं स्वयंपाकघर काढलं. ते मुळात तिनेच हाताने आखून, कारखान्यातून बनवून घेऊन त्याला भेट दिलं होतं. भावजय ठेंगणी, म्हणून वरची फळी नेहमीपेक्षा खाली घेतलेली. कोपऱ्यातला खण फिरता केलेला. तेच सगळं, बिजागरी न् बिजागरी, तिने आता पडद्यावर उभं केलं.

शिकवणीचे सर खूश झाले. "हे तुमचं सगळ्यात अवजड काम. पेन ड्राइव्हवर टाकून देतो, सोबत बघण्यापुरता प्रोग्रामही आहे. दुकानात जाल तिथे आधी हे लावा. स्वयंपाकघर सरसर फिरलं तर लॅपटॉप घ्या. अडखळलं, तर नमस्कार करा आणि बाहेर पडा."

झालं, ताईची वणवण सुरू झाली. बजेट ठरलेलं होतं. साठवलेले होते तेवढेच पैसे, त्यावर एक छदामही नाही. आणि सल्ल्यांना तर कुठे बजेट असतं? शेजारीण म्हणाली, रंग बघून घ्या. वर्गातला एक जण म्हणाला, रॅम सोडून काही बघू नका. दुसरा म्हणाला, रॅमला कोण विचारतं, ग्राफिक्स कार्ड बघा. एका दुकानातल्या पोरीने विचारलं, "मुलासाठी हवाय का?" ताई म्हणाली, "नाही, मुलाच्या आईसाठी." ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणत ती प्रत्येक ठिकाणी पर्समधून पेन ड्राइव्ह काढायची आणि बाब्याचं स्वयंपाकघर फिरवून बघायची. कुठे ते गचके खायचं, कुठे अर्ध्यावर थिजायचं. शेवटी बाजाराच्या टोकाच्या एका चिंचोळ्या दुकानात ते फिरलं. सरसर, लोण्यातून सुरी जावी तसं. लॅपटॉप मात्र दिसायला अगदीच ओबडधोबड, करडा आणि विटेसारखा जड. पण बजेटात चपखल बसत होता.

तिथेच पैसे देऊन मोकळी झाली असती तर ही गोष्ट सांगायला लागली नसती. पण नियम तो नियम. शिवाय भाऊ त्याच धंद्यात असताना परक्याकडून घेतलं तर त्याला काय वाटेल? ताई त्या करड्या विटेचं नाव कागदावर लिहून बाब्याच्या दुकानात गेली.

बाब्याने नाव वाचलं आणि हसू दाबलं.

"हा? कुणी सांगितलं तुला हा?"

"कुणी नाही. मीच बघितला. चांगला चालला की."

"दुकानात सगळेच चांगले चालतात, ताई. हा तापतो. वर्षाच्या आत पंखा जातो. लोक आणून आपटतात इथे आमच्या टेबलावर." त्याने तिला हाताला धरून दुसऱ्या मांडणीकडे नेलं. तिथे एक चंदेरी, पातळ, देखणा लॅपटॉप होता. "हा घे. तुझ्या बजेटात याच्या तोडीचा दुसरा नाही. डोळे झाकून घे."

ताईने सवयीने पर्स उघडली आणि पेन ड्राइव्ह काढला. बाब्याचा चेहरा पडला. शेजारी त्याचा सहकारी उभा होता, त्याच्याकडे एकदा बघून बाब्या हळूच म्हणाला, "माझी परीक्षा घेणार आहेस? तीही सगळ्यांसमोर?"

ताईला ओशाळल्यासारखं झालं. ज्याच्या शर्टाची कॉलर आपण सरळ केली त्याच्यावर आपण संशय घेतोय, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला. तिने पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्याच्या मापावर रेघ ओढली. चंदेरी लॅपटॉप खोक्यात गेला आणि साठवलेले पैसे गल्ल्यात.

सुरुवातीला बरं चाललं. लहानसहान कपाटं, एखादी मांडणी, एवढं तो निभावून न्यायचा. अख्खं स्वयंपाकघर उघडलं की मात्र त्याला धाप लागायची. ताईने बाब्याला फोन केला. तो म्हणाला, नवीन आहे, रुळेल. पुन्हा केला, तर म्हणाला, बाकीचं सगळं बंद करून बघ. नंतर म्हणाला, "अगं, तुझ्या हाताला अजून सवय नाही, तू घाई करतेस." तिला ते पटलं. आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून ती रोज लवकर जाऊन सराव करायला लागली.

मग एक नवरा-बायको आपलं स्वयंपाकघर बघायला आले. ताईने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. भिंती आल्या, ओटा आला, खालची कपाटं आली आणि वरची आलीच नाहीत. पडद्यावर ते छोटं चक्र फिरत राहिलं. मालकांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्याही संपल्या. बायको म्हणाली, "वर काहीच नाही का?" नवऱ्याने घड्याळ बघितलं. पुढच्या गिऱ्हाइकासमोर पुन्हा तेच. त्यानंतर मालकांनी पेपरवेट फिरवला. खिडकीजवळचं टेबल त्या नव्या मुलीला मिळालं आणि ताईची रवानगी मागच्या खोलीत, बिजागऱ्या आणि स्क्रू मोजून द्यायला. मुलगी गुणी होती, तिने जाता-येता 'सॉरी' म्हटलं. पण बाब्याला ताईने यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ती बाब्याकडे गेली. बाब्या कोपऱ्यावर काहीतरी आणायला गेला होता. भावजयीने हसून आत घेतलं, चहा टाकला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर करडी, विटेसारखी जड वस्तू उघडी पडलेली होती. ताईने ती लगेच ओळखली.

"हा कधी घेतलात?"

"घेतला कसला, ताई! दुकानातून बक्षीस मिळालंय यांना." भावजयीचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "यांच्याकडे एक मॉडेल अडकून पडलं होतं म्हणे. दिसायला छान, पण चालायला बेकार, म्हणून कुणी घेईना. मालक म्हणाले, जो शेवटचे पीस खपवेल त्याला बक्षीस. यांनी खपवले! मग एक रक्कम ठरवून दिली आणि म्हणाले, तेवढ्यात दुकानातलं हवं ते मशीन उचल. यांनी दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही, हाच उचलला. म्हणाले, त्या पैशात याच्यासारखा दुसरा नाही."

"किती ठरवून दिली होती रक्कम?"

भावजयीने सांगितली. ताईचं बजेट तेवढंच होतं.

"ते अडकलेलं मॉडेल," ताईने विचारलं, "चंदेरी होतं का गं?"

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? तरीही ताईचं मन बाब्याची बाजू शोधत होतं. कदाचित हा खरंच तापत असेल, कदाचित याचा पंखा जातच असेल. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि त्या करड्या लॅपटॉपला लावला.

स्वयंपाकघर उघडलं. भिंती, ओटा, खालची कपाटं, वरची कपाटं, सगळं एका दमात. तिने ते गोल फिरवलं. कोपऱ्यातला खण बाहेर आला, आत गेला.

"अगंबाई," भावजय चहाचा कप धरून मागे उभी राहिली, "हे तर आपलंच! ही माझी खाली घेतलेली फळी."

तेवढ्यात दारात बाब्या आला. त्याने आधी ताईकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि हातातली पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली.

"ताई, केव्हा आलीस?"

"पंखा ठीक आहे रे याचा," ताई म्हणाली. "तापतही नाही."

बाब्या पिशवी उचलायला वाकला. ताईने विचारलं, "शेवटच्या पिसांतला माझा कितवा?"

"अगं, तसं नाही."

"मग कसं?"

"वरून दबाव होता, ताई. एकच राहिला होता. बाहेरच्या माणसाला दिला असता तर तो दुसऱ्या दिवशी भांडायला परत आला असता, आणि परत आलेला पीस खपल्यात धरत नाहीत." तो जमिनीकडे बघत होता. "तू परत येणार नाहीस, हे मला माहीत होतं."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. आपल्या चांगुलपणाचं माप या पोराने किती बरोब्बर घेतलं होतं, हे ताईला आता कळलं. राग एवढा आला की तिने पेन ड्राइव्ह हिसका देऊनच उपटला. भावजयीने कप ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिला आता सगळं समजलं होतं.

"तू हा घेऊन जा," बाब्या घाईघाईने म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मला तो चंदेरी चालेल. मला काय, गाणी तर ऐकायची."

"आता कशाला? बिजागऱ्या मोजायला लॅपटॉप लागत नाही."

"म्हणजे?"

"टेबल गेलं माझं. दुसरी बसते तिथे. तुझा चंदेरी दोनदा गिऱ्हाइकासमोर बंद पडला."

ताईने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या. चहा तसाच राहिला. बाब्या तिच्यामागून जिन्यापर्यंत आला. लहानपणी पडल्यावर करायचा तसा चेहरा केला होता, आणि तो चेहरा बघून तिला आज पहिल्यांदाच माया आली नाही.

"ताई, एवढं सगळं झालं, तर मला आधी का नाही सांगितलंस?"

ताई दोन पायऱ्या उतरली होती, ती थांबली.

"तुला वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली, आणि खाली गेली.