खुडूक कोंबडीखालचं हेल्मेट

मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. माझ्या कपाळावर ठेकेदाराचं नाव आहे आणि पाठीमागे काळ्या रंगात ४३ हा नंबर. सध्या माझा मुक्काम दाभोसा गावात बाळीच्या पडवीत आहे आणि माझ्या पोटात पेंढा भरलेला आहे. हसू नका, मित्रांनो. या पेंढ्यानं एका ठेकेदाराची बोलती बंद केली आहे.

मी कारखान्यात जन्मलो. साच्यातून निघताच माझी परीक्षा झाली. वरून लोखंडी गोळा टाकला, मी हूं की चूं केलं नाही. आता डोकी वाचवायची, अशा घमेंडीत मी ठाण्याकडच्या एका बावीस मजली इमारतीच्या कामावर पोहोचलो. तिथे आम्हां साठ हेल्मेटांना कोठीत कुलूप लावून ठेवलं. तपासणीला साहेब आला की आम्हांला बाहेर काढत, गड्यांच्या डोक्यांवर चढवत, फोटो घेत आणि साहेबाचा चहा संपायच्या आत परत गोळा करत. बायकांच्या वाट्याला तर आम्ही कधी आलोच नाही. त्यांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. तिथे मला जागा कुठली? मला याची अजून लाज वाटते.

कमू ही बाळीची मुलगी. भातकापणी उरकली की गावची माणसं जिव्या मुकादमाच्या जीपमधून कामावर जात, तशी तीही आली होती. जिव्या तिचा मामा लागतो. म्हणून हजेरीत आपलं नाव लिहिलं का, हे तिनं कधी विचारलंच नाही. मामाला असं कोण विचारतं? तिची चूक ती एवढीच.

माघातल्या एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरची फळी सरकली आणि कमू घमेल्यासकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. ती कण्हत असताना जिव्या कोठीकडे धावला. मला वाटलं, पाणी न्यायला आला असेल. त्यानं मला उचललं, तिच्या डोक्यावर दाबून बसवलं आणि पट्टा आवळला. कोठीच्या कारकुनानं लगेच हेल्मेटवाटपाच्या वहीत लिहिलं, ‘४३, कमू, दाभोसा’, आणि खाली जिव्याची सही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर बसलो, तेही खोटं बोलायला. तसाच तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो आणि तिथून गावी आलो.

कमूचा पाय दोन बोटं आखूड राहिला. दुसरं ऑपरेशन झाल्याशिवाय ती शेतात उभी राहू शकणार नव्हती. जव्हारच्या हर्षदा वकिलीणबाईंनी भरपाईचा दावा लावला. ठेकेदाराचं उत्तर आलं, ‘ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच.’

तोवर बाळीनं माझ्यात पेंढा घालून कोंबडी बसवली होती. एका दुपारी जिव्या आला.

“बाळे, ती टोपी दे. शेठचा माल हाय.”

“कोंबडी खुडूक बसलीय.”

“मग दुसरीकडं बसव.”

“उठवली तर अंडी गार व्हतील. तू याच गावचा ना? पिलां निघू दे, मंग ने.”

“कवा बसवली?”

“काल,” बाळी म्हणाली.

जिव्या शहरात कितीही हिंडला तरी खुडूक कोंबडीला हात लावायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बोटांवर एकवीस दिवस मोजले आणि निघून गेला. खरं तर कोंबडी अंड्यांवर बसवून पंधरा दिवस झाले होते.

“आये, एका टोपीसाठी एवढा लांब कशाला आला मामा?” कमू म्हणाली. तिनं वकिलीणबाईंना माझ्या नंबरासकट निरोप धाडला. अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी माणसांना ठेकेदारानं हेल्मेटं वाटल्याचा पुरावा म्हणून तीच वही दाखवली होती. वकिलीणबाईंनी तिची नक्कल मिळवली. सहा दिवसांनी पिल्लं निघाली आणि मी पिशवीत बसून कोर्टात गेलो.

“कमू नावाच्या पुष्कळ बायका असतात,” ठेकेदाराचा वकील म्हणाला. वकिलीणबाईंनी मला टेबलावर ठेवलं. पेंढा सांडला, अंड्याचं एक टरफल घरंगळलं. न्यायाधीशबाईंनी माझा नंबर वाचला, मग वही वाचली आणि ठेकेदाराच्या बाजूनं आलेल्या जिव्याला पुढे बोलावलं.

“ही तुमच्याकडे नव्हती, तर तुमचं हेल्मेट हिला दिल्याची सही कशी केलीत?”

कमू काठी टेकत उभी राहिली.

“मामा, सांग ना. मी पडायच्या आधी टोपी घातलीस का मागून?”

जिव्यानं तिच्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मागून.”

भरपाई मंजूर झाली, ऑपरेशनही झालं. कमू अजून थोडी लंगडते, पण यंदा तिनं नागलीची रोपं स्वतः लावली.

भातकापणीनंतर जिव्याची जीप पुन्हा आली. कमू मला हातात घेऊन जीपसमोर उभी राहिली. “आधी नावा लिही. बायकांची बी. नाव लिहिलेला कागद हातात दे, मंग माणसा बसतील.” चौदा माणसं रस्त्याकडेला बसून राहिली. शेवटी जिव्यानं वही काढली आणि एकेकाला नाव विचारू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी कामावर जात असेल, तर त्याचं नाव लिहिलं आहे का आणि हेल्मेट डोक्यावर आहे की कोठीत, एवढं विचारा. माझं म्हणाल, तर माझ्यात खुशाल अंडी उबवा. पण पडलेल्या माणसाच्या डोक्यावर मला चढवाल, तर मी कोर्टात येईन आणि पेंढ्यासकट येईन.